आधी बुरशी ओळखा, मग तांबं मोजा

ओढ्यात कुजणाऱ्या पानांवरच्या बुरशीवर धातूंचा काय परिणाम होतो, हे तुम्हाला तपासायचंय. उत्साह छान आहे, पण पहिल्याच महिन्यात सहा धातूंच्या मागे लागू नका. तांबं किंवा जस्त, एकच घ्या.

ओढ्यात कुजणारी पानं आणा, गाळलेल्या पाण्यात दोन दिवस हवा सोडत ठेवा, मग ते पाणी ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून फिल्टरवर उरलेलं कॉटन ब्लू या निळ्या रंगाने रंगवा. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे चार फाट्यांचे, चांदणीसारखे बीजाणू दिसले की हात बसला समजा. (पहिल्यांदा दिसले तेव्हा मी जेवण विसरलो होतो.)

धातूचा फटका बहुधा आधी हे बीजाणू तयार होण्याला बसतो. बुरशीच्या तंतूंची वाढ त्यामानाने तग धरते. त्यामुळे पान कुजतंय म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. प्रजाती घटल्या तरी उरलेल्या चिवट बुरश्या काम ओढतात.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- पाण्याचा सामू (pH) आणि कठीणपणा न नोंदवणं. तेवढंच तांबं मृदू पाण्यात सहसा जास्त घातक ठरतं.
- माल्टच्या दाट माध्यमात चाचणी. त्यातले सेंद्रिय पदार्थ धातू बांधून ठेवतात आणि बुरशी उगाच शूर वाटते.
- बाटल्या नायट्रिक आम्लाने न धुणं. चिकटून राहिलेला धातू निकाल बिघडवतो.

एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशींतला पदार्थ, त्यावरून बुरशी किती ते मोजतात), डीएनए वगैरे नंतर. आधी पन्नास स्लाइड बघा.