'अर्क' लिहावा की 'निष्कर्ष'?

कोल्हापुरातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिला मराठीत फलक लिहायचा आहे. विषय आहे नरक्या या सह्याद्रीतल्या झाडातलं कर्करोगावर उपयोगी पडणारं संयुग. 'एक्स्ट्रॅक्ट'ला तिच्यापुढे चार शब्द आले आहेत: निष्कर्ष, काढा, सत्त्व आणि अर्क. यातला कोणता घ्यावा? शिवाय 'डिराइव्ह्ड फ्रॉम'चं काय करावं?

थोडक्यात उत्तर असं की 'अर्क' घ्या, पण तो एकटा लिहू नका. असं का, ते जरा सविस्तर.

'निष्कर्ष' आधी बाजूला काढू. हिंदीतल्या 'निष्कर्षण'वरून तो आपल्या पाठ्यपुस्तकांत डोकावतो. संस्कृतच्या दृष्टीने त्यात वावगं काही नाही, कारण मूळ अर्थ 'ओढून बाहेर काढलेले' असाच आहे. पण मराठी वाचकाला निष्कर्ष म्हणजे अनुमान. 'नरक्याच्या निष्कर्षावरून असा निष्कर्ष निघतो की' हे वाक्य फलकावर आलं, तर लोक पुढचं काही वाचणार नाहीत, हसत बसतील.

'अर्क' या एका लेखनात दोन शब्द लपलेले आहेत. संस्कृत 'अर्क' म्हणजे सूर्य, आणि रुईचं झाडही. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच ही रुई. काष्ठौषधींच्या दुकानात 'अर्कमूळ' मागितलं तर रुईचं मूळ मिळतं, कसल्या अर्काचं मूळ नव्हे. ही चूक भाषांतरात होते आणि ती साधी नाही, कारण रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. दुसरा 'अर्क' अरबीतून आलेला आहे. अरबीत 'अरक' म्हणजे घाम. वाफ थंड पृष्ठभागाला लागून थेंब सुटतात, ते भांड्याला घाम फुटल्यासारखंच दिसतं. ओव्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क हे सगळे या दुसऱ्या घरचे. म्हणजे काटेकोर अर्थाने अर्क हा ऊर्ध्वपातनाने, वाफेवाटे मिळवलेला द्रव.

इथेच नरक्याची अडचण होते. यातलं संयुग कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतींत आढळणारं नायट्रोजनयुक्त द्रव्य) आहे आणि ते वाफेबरोबर उडत नाही. जुन्या पद्धतीने नरक्याचा 'अर्क काढला', तर बाटलीत फक्त वासाचं पाणी उतरेल आणि संयुग तळाच्या भांड्यात राहील. (वासही असा की नावातच नरक आहे. जुन्या लॅटिन नावातल्या 'फेटिडा'चा अर्थही दुर्गंधी असलेली.) तरीही मी 'अर्क'च सुचवतो आहे, कारण मराठीने हा शब्द ऊर्ध्वपातनापुरता कधीच ठेवला नाही. एखादा माणूस 'अर्क' असतो, व्यंगचित्रकार 'अर्कचित्र' काढतो. 'भरपूर पसाऱ्यातून थोडक्यात उतरलेला तीव्र अंश' हा अर्थ आता पक्का झाला आहे. संदिग्धता टाळायची असेल, तर अर्काच्या आधी द्रावकाचं नाव लावा: मिथेनॉलमधला अर्क, जलीय अर्क. वाफेचा असेल तर 'ऊर्ध्वपातित' म्हणा.

'काढा' या शब्दाची गंमत वेगळी. आपण 'काढा काढतो' म्हणून दोन्ही शब्द एकाच मुळाचे वाटतात, पण तसं नाही. काढा हा 'क्वाथ'कडून आला. कढणे, कढत पाणी, कढी ही त्याची भावंडं. 'काढणे' मात्र प्राकृत 'कड्ढ', म्हणजे ओढणे, याच्याकडून. काढ्यात पाणी आणि उष्णता दोन्ही हवीत, आणि त्याला ठरलेलं माप आहे. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद-ग्रंथकाराच्या नियमाने एक भाग भरड औषधाला सोळा भाग पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. दुसरा प्रचलित नियम असा: मऊ द्रव्याला चौपट, मध्यम कठीण द्रव्याला आठपट आणि कठीण द्रव्याला सोळापट पाणी, आटवून चतुर्थांश ठेवायचं. कढत पाणी ओतून थोडा वेळ ठेवून गाळलं तर तो 'फांट', थंड पाण्यात रात्रभर ठेवलं तर 'हिम'. चहा आपण उकळतो तेव्हा तो काढ्याकडे झुकतो. पिशवी बुडवून केला तर तो फांट. नरक्याला 'काढा' म्हणू नये याची दोन कारणं आहेत. एक, कॅम्प्टोथेसिन पाण्यात फारच कमी विरघळतं. दुसरं, फलकावर 'काढा' वाचून कोणी घरी करून पाहील. हे द्रव्य पेशींचं विभाजन रोखणारं आहे, ते घरगुती औषध नव्हे. 1970 च्या दशकात त्याच्या सोडियम लवणाच्या चाचण्यांत अस्थिमज्जा दबणं आणि मूत्राशयातून रक्तस्राव हे त्रास दिसले होते.

'सत्त्व' सर्वांत फसवा. ऐकायला वाटतं की शुद्ध क्रियाशील भाग. प्रत्यक्षात गुळवेल सत्त्व कसं करतात पाहा. ताज्या जाड कांड्या ठेचून पाण्यात भिजवायच्या, चोळून कुस्करायच्या, गाळून पाणी शांत ठेवायचं. तळाशी पांढरा थर बसला की वरचं पाणी अलगद ओतून काढायचं आणि थर वाळवायचा. हा थर मुख्यतः स्टार्चचा. गुळवेलीची बरीचशी विद्राव्य द्रव्यं ओतून दिलेल्या पाण्यात जातात. गरम पाणी वापरलं तर स्टार्चची खळ होते आणि थर बसतच नाही. तेव्हा आयुर्वेदात सत्त्व हा एका ठरलेल्या कृतीचा शब्द आहे. शुद्ध केलेल्या रेणूला 'सत्त्व' म्हणणं म्हणजे दोन्हीकडच्या वाचकांची दिशाभूल.

आता क्रियापदं. प्रयोगशाळेतल्या कृतीला मराठीत चांगली, स्वयंपाकघरातली क्रियापदं आहेत, ती वापरायला लाजू नये. पानं किंवा साल सावलीत वाळवून दळायची. दळण फार बारीक झालं तर गाळण कागद चोंदतो, फार भरड राहिलं तर द्रावक आत पोचत नाही. दहा ग्रॅम पूड शंभर मिलिलिटर मिथेनॉलमध्ये चोवीस तास मुरवायची, अधूनमधून हलवायची, गाळायची. उरलेल्या चोथ्यावर ताजं मिथेनॉल घालून हेच आणखी दोनदा करायचं, कारण पहिल्या खेपेत सगळं उतरत नाही. तिन्ही वेळचा गाळलेला द्रव एकत्र करून कमी दाबाखाली, पंचेचाळीस अंशांच्या आत आटवायचा. 'मॅसरेशन'ला 'मुरवणे' याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही. लोणचं घालणाऱ्याला वेळेचं महत्त्व त्या एका शब्दात कळतं.

'यील्ड'ला कोल्हापूरकरांनी दुसरीकडे पाहूच नये: उतारा. साखर कारखान्याचा उतारा इथे शेतकऱ्याला कळतो, तो अर्कालाही चालतो. समजा दहा ग्रॅम पुडीतून 1.2 ग्रॅम अर्क उरला, तर उतारा 12 टक्के. मात्र द्रावक पूर्ण उडालं नसेल तर उतारा फुगतो, म्हणून वजन स्थिर होईपर्यंत वाळवून पुन्हा तोलायचं. आणखी एक सावधगिरी: साखरेच्या उताऱ्यात हाती येते ती बहुतांशी साखरच, इथल्या 12 टक्क्यांत हरितद्रव्य, मेण, शर्करा असा सगळा हिरवा चिकट राडा असतो. त्यात कॅम्प्टोथेसिन अगदी थोडं. म्हणून 'अर्काचा उतारा' आणि 'संयुगाचा उतारा' वेगवेगळे लिहा. सातबाऱ्याचा उतारा इथे आड येत नाही, पण 'विषावर उतारा' येतो. औषधाच्या फलकावर 'नरक्याचा उतारा' असं नुसतं लिहिलं तर लोक विषबाधेवरचा उपाय समजतील.

'कंपाउंड'ला 'संयुग'च. 'मिश्रण' नको, अर्क हे मिश्रण आहे, कॅम्प्टोथेसिन नाही.

राहिलं 'डिराइव्ह्ड फ्रॉम'. याला एक शब्द शोधू नका, नामाला जोडली जाणारी मराठीची दोन रूपं ते काम अधिक चोख करतात: 'तून' आणि 'पासून'. उसातून रस निघतो, रसापासून गूळ होतो. गुऱ्हाळावर कोणी 'उसापासून रस निघाला' म्हणत नाही. जे आधीपासून आत होतं त्याला 'तून', जे रूप बदलून तयार केलं त्याला 'पासून'. कॅम्प्टोथेसिन 1966 मध्ये वॉल आणि वाणी यांच्या गटाने एका चिनी झाडातून वेगळं केलं. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच नरक्यातून मिळालं. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं मात्र कॅम्प्टोथेसिनपासून रासायनिक फेरफार करून बनवली. म्हणून 'नरक्यातून मिळणारं कर्करोगाचं औषध' हे चूक. नरक्यातून मिळतं ते संयुग, औषध त्यापासून होतं. 'वनस्पतिजन्य' या विशेषणाने हा फरक पुसला जातो, म्हणून ते विशेषण मथळ्यात ठेवा, मजकुरात टाळा.

फलकावरचं वाक्य मग असं होईल: 'नरक्याच्या वाळलेल्या सालीचा मिथेनॉलमधला अर्क काढला (उतारा अमुक टक्के). त्यातून कॅम्प्टोथेसिन हे संयुग वेगळं केलं. या संयुगापासून टोपोटेकान हे औषध बनवतात.' त्याखाली साल कुठून आणली तेही लिहा. अभयारण्यातून परवानगीशिवाय झाडपाला तोडून आणता येत नाही, आणि प्रदर्शनात राधानगरीकडचा कोणी वनरक्षक आलाच तर तो पहिल्यांदा तेच विचारेल.