अंकुश, आकडा आणि कुत्र्याचे जंत

फोंड्याहून एका वाचकाची विचारणा: ‘आमच्या कुत्र्याला अंकुशकृमी झालेत. कोणत्या जातीचे, ते मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणाच्या) जनुकावरून ठरवले, असे तपासणीत आले. मायटोकॉन्ड्रियाला मराठीत सूत्रकणिका म्हणावे की तंतुकणिका? आणि जंतुनाशक रोज द्यायचे का?’

जंतुनाशक अजिबात नको, ते फरशीला! पोटात होतात ते जंत, त्यांची गोळी जंतनाशक. दोन्ही शब्द ‘जन्तु’चेच, पण एका उकाराने फिनेल कुत्र्याच्या पोटात जाईल. मडगावात एका दुकानावर ‘कुत्र्यांच्या जंतुनाशक गोळ्या’ वाचून मी आत जाऊन भांडलो होतो.

मराठीत तंतुकणिका, सूत्रकणिका हिंदीची. ग्रीक ‘मितोस’ म्हणजे धागा, ‘खोन्द्रिऑन’ म्हणजे बारीक दाणा. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडाने १८९८ साली ते जोडले. नेमाटोड या धाग्यासारख्या कृमींच्या नावातला ‘नेमा’ही धागाच, त्याचा आपण सूत्रकृमी केला. सूत्र तिकडे खर्ची पडले, कणिकेला तंतू उरला. छान झाले.

पण खरी मजा अंकुशकृमीत आहे. त्याचे शास्त्रीय नाव अँकिलोस्टोमा, म्हणजे वाकड्या तोंडाचा. हा ग्रीक ‘अँकिलोस’ आणि आपला अंकुश एकाच धातूचे! ज्याने कुणी हा मराठी शब्द योजला, त्याने नकळत दोन चुलत भावांची गाठ घालून दिली. मुरगावला बोटी नांगर टाकतात, त्याचे पोर्तुगीज नाव ‘आंकोरा’, तेही याच कुळातले. आणि संस्कृत ‘अंक’? आकडी, बाक, मांडी आणि संख्येची खूणसुद्धा. म्हणून माझे ठाम मत, की केळ्यांचा घड टांगायचा आकडा आणि मटक्याचा आकडा एकच. हे दोन वेगळे शब्द मानणाऱ्या पंडितांना एवढेच विचारतो: संस्कृतात एका ‘अंका’ला दोन्ही अर्थ पेलतात, मग मराठीत दोन शब्द कशाला हवेत?

हो, जनुकाचे राहिलेच. अंकुशकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. अँकिलोस्टोमा कॅनायनम मुख्यतः कुत्र्याचा. त्याचाच भाऊबंद अँकिलोस्टोमा सिलॅनिकम माणसाच्या आतड्यातही बिऱ्हाड करतो. यातला कोणता, हे कृमीच्या तंतुकणिकेतल्या जनुकावरून ओळखतात. कुत्र्याच्या तंतुकणिकेत ३७ जनुके, कॅनायनमच्या तंतुकणिकेत ३६. हाही आकडाच, पण टांगायचा नव्हे.