नेटवर्किंगच्या कार्यक्रमांना जाण्यापेक्षा खेळायला माणसं जमवून ओळखी वाढतात का?

ऐरोलीत नोकरीला नवीन आहात, दोन-चार नेटवर्किंग मीटमध्ये कार्डं वाटलीत, पुढे कोणाचाही फोन आला नाही, म्हणून आता गेम्ससाठी लोक बोलवावेत का असं विचारलंय. बोलवा. फक्त मेसेजमध्ये ‘नेटवर्किंग’ हा शब्द घालू नका, नाहीतर सगळ्यात आधी म्युच्युअल फंड विकणारे हजर होतील.

मीटची अडचण वेळेची असते. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ च्या अभ्यासात मांडलं, की तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. शिवाय नुसतं सोबत काम करण्यात गेलेले तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. वाशीच्या हॉटेलातल्या मीटमध्ये एकेका माणसाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. म्हणजे ५० तास भरायला ६०० मीट! तेच आठवड्यातून दोन तास पत्ते खेळलात तर सहा महिन्यांत काम होतं.

माझी पसंती मेंढीकोटला. चौघं, समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकी तेरा पानं आणि सगळा जीव दहाच्या चार पानांत, म्हणजे मेंढ्यांत. बऱ्याच जणांनी लहानपणी मे महिन्यात गावाला खेळलेला असतो, नसेल तर दहा मिनिटांत येतो. हुकूम आधी ठरवू नका. उतारीच्या, म्हणजे हातातल्या पहिल्या पानाच्या, रंगाचं पान ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल, त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होईल, असं खेळा. माणूस तिथे कळतो. कोणी स्वतःच्या हातात जास्त पानं असलेला रंग दामटतो, कोणी भिडूची मघाची उतारी आठवून त्याची सोय बघतो. आणि भिडूने हातातली मेंढी घालवली की कोण ‘असू दे, पुढचा हात आपला’ म्हणतो आणि कोण पानं आपटतो, हेही दिसतं.

आमच्याकडे नेरुळला सोसायटीत शनिवारी संध्याकाळी बैठक असते. त्यात एक सीए आहेत. त्यांनी कोणाला कार्ड दिल्याचं मला आठवत नाही, पण पडलेलं प्रत्येक पान त्यांच्या लक्षात असतं आणि भिडूवर ते कधी चिडत नाहीत. रबाळ्याला पॅकेजिंगचं युनिट असलेल्या एका गृहस्थांनी जीएसटीचं काम त्यांच्याकडे नेलं, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. उलट, भिडूला डोळ्यांनी खुणा करणारे एक इस्टेट एजंटही येतात. फार गमतीचा माणूस. पण त्यांच्यामार्फत आमच्यातल्या कोणी अजून फ्लॅट घेतलेला नाही.

टर्फवरच्या बॉक्स क्रिकेटबद्दल मी जरा साशंक आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत रात्री टर्फ भरलेले असतात, मजाही येते, पण ज्याला खेळता येत नाही तो जाळीला टेकून उभा राहतो आणि तासाची वेळ संपली की सगळे पांगतात. कॅरम डबल्स त्यापेक्षा बरा. माफिया, म्हणजे आपल्यात लपलेले ‘माफिया’ कोण ते चर्चा करून ओळखायचा खेळ, १९८६ च्या सुमारास मॉस्कोतल्या मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने काढला, ऑफिसच्या पिकनिकला हिट असतो. पण पहिल्याच भेटीत तो नको. अनोळखी दहा जणांनी मिळून खोटारडं ठरवल्यावर लाजाळू माणूस परत फिरकत नाही.

पैसे लावू नका, शंभर रुपयेसुद्धा नाही. हरलेल्या जोडीने वडापाव आणायचे, बस्स. वार एकच ठेवा, ‘कधी जमतंय बघू’ म्हणालात की संपलं. आणि कामाचं बोलणं तुम्ही काढू नका. पिसता-वाटताना ‘तुम्ही करता काय?’ हा प्रश्न आपोआप येतोच, तेव्हा दोन वाक्यांत सांगा आणि उतारी करा.

एक धोका मात्र आहे: तेच चौघं कायम बसायला लागले की दोस्ती घट्ट होते आणि नवीन ओळखी थांबतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं, की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून येण्याची शक्यता जास्त, कारण त्याचं वर्तुळ वेगळं असतं. म्हणून दर वेळी कोणीतरी एक पाहुणा आणायचा आणि पाहुण्याला सगळ्यात शांत माणसाचा भिडू करायचं.

मीट अगदीच सोडा असंही म्हणणार नाही. याच महिन्यात व्हेंडर किंवा नोकरी हवी असेल तर पत्त्यांची वाट बघत बसू नका, तिथे कार्डंच वाटावी लागतात. नाहीतर या शनिवारी ऑफिसमधले दोघं आणि सोसायटीतला एक, एवढे पुरेत. ठाण्याहून कोणी येणार असेल तर शेवटचा डाव किती वाजता, ते आधी सांगा; रात्री ट्रान्स हार्बरची (ठाणे-नवी मुंबई लोकलची) एक गाडी चुकली की दुसरीसाठी ताटकळत बसावं लागतं.