आयर्लंडमध्ये नोकरी गेली तर सरकार खरंच पगाराइतके पैसे देतं का?

पगाराइतके नाही, पण 31 मार्च 2025 पासून रक्कम पगाराशी जोडली आहे. किमान 5 वर्षांचा सामाजिक विमा (पगारातून सरकारकडे कापली जाणारी वर्गणी) भरलेला असेल तर पहिले 13 आठवडे आधीच्या कमाईच्या 60 टक्के मिळतात, आठवड्याला जास्तीत जास्त 450 युरो. पुढे दर 13 आठवड्यांनी ही रक्कम उतरत जाते आणि 39 आठवड्यांनी संपते. त्याआधी सगळ्यांना जवळपास एकच ठरावीक रक्कम मिळायची, त्यामुळे घराचा हप्ता असलेला माणूस महिन्याभरात रडकुंडीला यायचा.

विमा पुरेसा नसेल तर घरची मिळकत तपासून भत्ता देतात. तो बहुतेक जण दर आठवड्याला पोस्टाच्या खिडकीवर सरकारी कार्ड दाखवून रोख घेतात.

मला खटकतं ते तरुणांचं. 2008 नंतर बांधकामधंदा बसला, 2012 पर्यंत बेकारी 15 टक्क्यांच्या आसपास गेली आणि त्या काळात 25 वर्षांखालच्यांचा भत्ता कापला. आज बेकारी 5 टक्क्यांच्या आसपास आहे, तरी आईवडिलांकडे राहणाऱ्या तरुणाला अजूनही कमीच मिळतं. डब्लिनमधली भाडी बघता त्याने वेगळं राहायचं तरी कसं?