वाचकांच्या शंका : सायकलवर बाटलीची केज बसवताना

शंका : ॲल्युमिनियमची नवी रोड बाईक घेतली आहे. फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर आणि सीटखालच्या नळीवर दोन-दोन बोल्ट आधीपासून लावलेले दिसतात. बाटलीची केज घरी बसवता येईल का? कोणता पाना लागेल?
एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर येईल. ते बोल्ट केजसाठीच, म्हणजे बाटली धरून ठेवणाऱ्या चौकटीसाठीच, लावून दिलेले असतात. माप बहुतेक सगळीकडे एकच आहे : ५ मिलिमीटर जाडीचा, ०.८ मिलिमीटर पिचच्या (लगतच्या दोन आट्यांतले अंतर) आट्यांचा बोल्ट आणि दोन छिद्रांच्या मध्यांत ६४ मिलिमीटर अंतर. त्यामुळे एका कंपनीची केज दुसऱ्या कंपनीच्या फ्रेमवर बसते. उंच गोल डोक्याच्या बोल्टला बहुधा ४ मिलिमीटरची ॲलन की (एल आकाराचा षटकोनी पाना) लागते, चपट्या डोक्याच्या बोल्टला ३ मिलिमीटरची. काही सायकलींना सहा पाकळ्यांची टी-२५ टॉर्क्स की लागते.

हात घालण्यापूर्वी आतली रचना समजून घ्या. ॲल्युमिनियमच्या फ्रेमची नळी इतकी पातळ असते की तिच्यातच आटे पाडून भागत नाही. म्हणून छिद्रात आटे असलेली एक छोटी पुंगळी दाबून बसवलेली असते. तिला रिव्हनट म्हणतात. कार्बन फ्रेममध्येही बहुधा हीच सोय असते. स्टीलच्या चांगल्या फ्रेममध्ये मात्र आटेवाली पुंगळी झाळून पक्की केलेली असते. केज बिघडली तर दोन-तीनशे रुपयांत दुसरी येते, पण रिव्हनटचे आटे गेले किंवा ती सैल झाली तर दुखणे फ्रेमचे होते. खालची सगळी काळजी त्या पुंगळीसाठी आहे.

आधीचे बोल्ट काढा, आटे फडक्याने पुसा आणि प्रत्येक बोल्टला तुरीच्या डाळीएवढे ग्रीस लावा. उन्हाळ्यात बाटलीत इलेक्ट्रॉल किंवा मीठ-साखरेचे पाणी असते. ते ठिबकत बोल्टवर येते, वरून घामही गळतो. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची पुंगळी आणि मधे खारे पाणी, म्हणजे गंज ठरलेलाच. वर्षभराने असा बोल्ट सुटत नाही, जोर लावला की पुंगळीसकट फिरू लागतो. एवढेसे ग्रीस हे टाळते.

आता केज नळीवर धरा. बाटलीच्या मानेतल्या खाचेत अडकणारी जीभ वरच्या बाजूला आली पाहिजे. दोन्ही बोल्ट बोटांनीच सुरू करा, की वापरू नका. पहिले चार-पाच फेरे बोटांनी सहज गेले तर आटे सरळ बसले आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यालाच बोल्ट अडला तर तो तिरका शिरला आहे. बाहेर काढा, आधी उलटा फिरवून ‘टक्’ असा बारीक हिसका जाणवेपर्यंत आणा आणि तिथून पुन्हा सुलटा घ्या. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा लावू नका. दोन्ही सैल ठेवून केज सरळ करा आणि आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा द्या.

किती आवळायचे, इथेच बहुतेकांची चूक होते. २ ते ३ न्यूटन-मीटर पुरतात. केजवर किंवा फ्रेमच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. टॉर्कचा पाना (किती जोर लागला ते मोजणारा) नसेल तर ॲलन कीचा लांब दांडा बोल्टमध्ये घाला आणि आखूड दांड्याला दोन बोटे व अंगठा लावून फिरवा. तरफ आखूड असल्याने जोर आपोआप बेताचा लागतो. केज हाताने हलवून पाहा. ती नळीवरून सरकत नसेल तर थांबा.

बोल्टच्या लांबीकडेही लक्ष द्या. फ्रेमसोबत येणारे बोल्ट साधारण १२ मिलिमीटरचे असतात. केजचा तळ जाड असेल तर आत जेमतेम दोन-तीन आटे पकडतात आणि एखाद्या खड्ड्यात तेच आटे सोलून निघतात. निदान पाच पूर्ण फेरे आत जायला हवेत, नाहीतर १५-१६ मिलिमीटरचे घ्या. उलट सीटच्या नळीत बोल्ट फार लांब नको. सीटची दांडी खाली घेतली की ती आतल्या टोकावर घासते आणि कार्बनची दांडी असेल तर चर पडतात.

शेवटी भरलेली बाटली घाला आणि पेडल उलटे फिरवून पाहा. चेन, पुढचे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) आणि दुसरी बाटली यांपैकी कशालाही केज लागता कामा नये. डिरेलर नळीला आवळणारा पट्टा खालच्या बोल्टजवळ येत असेल तर दोन्ही बोल्टांवर केज आणि नळी यांच्या मधे सारखे वायसर घालून केज उचला. एकाच बाजूला घातले तर केज पिळते आणि लवकर तुटते.

शंका : केज काढताना एक बोल्ट नुसताच गोल फिरतो. ना आत जातो, ना बाहेर येतो. दुकानदार म्हणतो फ्रेम गेली.
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फ्रेम गेलेली नाही, रिव्हनटची पकड सुटून ती बोल्टसोबत फिरते आहे. पहिल्यांदा बोल्टच्या कडेला गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी केज आणि नळी यांच्या फटीत प्लास्टिकची चपटी पट्टी घालून केज बाहेरच्या दिशेला हलकी उचला. त्या ताणाने पुंगळीचे आतले फुगलेले अंग नळीला आतून दाबले जाते, आणि त्याच वेळी बोल्ट सावकाश उलटा फिरवला की बरेचदा सुटतो. नाही सुटला तर केज कापून वेगळी करा. मग पुंगळीची बाहेरची कड लॉकिंग पकडीत धरता येते. कड फार पातळ असेल तर कानशीने समोरासमोर दोन सपाट बाजू काढा. ड्रिल लावायची वेळ आली, आणि त्यातही फ्रेम कार्बनची असेल, तर ते काम अनुभवी माणसाकडेच द्या.

बोल्ट निघाला आणि आटे शाबूत असतील तर तीच पुंगळी पुन्हा घट्ट बसवता येते. रिव्हनटचे यंत्र नसले तरी २५ मिलिमीटर लांबीचा ५ मिलिमीटरचा बोल्ट, त्याचा नट आणि दोन वायसर पुरतात. नट बोल्टवर चढवून डोक्यापर्यंत न्या, त्याखाली ग्रीस लावलेले वायसर घाला आणि बोल्ट पुंगळीत पूर्ण उतरवा. मग ॲलन कीने बोल्ट जागच्या जागी धरून ठेवा आणि ८ नंबरच्या पान्याने फक्त नट घड्याळाच्या दिशेने फिरवा. नट कडेवर दाब देतो, बोल्ट वर ओढला जातो आणि पुंगळीचे आतले अंग फुगून नळीला पकडते. पाव-पाव फेरा द्या, दर वेळी पुंगळी हलते का ते पाहा, आणि हलायची थांबली की तिथेच हात आवरा. पुढे ओढलेत तर आटेच उपटून येतील. कार्बनच्या नळीवर हा प्रयोग करू नका.

शंका : माझी उंची कमी, फ्रेमही सर्वांत लहान. सीटच्या नळीवरची बाटली वरच्या दांड्याला अडते, चालत्या सायकलवर निघत नाही.
एक वाचक, पुणे

उत्तर : बाजूने बाटली घालायची केज घ्या. ती उजव्या आणि डाव्या हाताची वेगवेगळी मिळते, म्हणून ज्या हाताने पाणी पिता त्या हाताची मागा. सीटच्या नळीवर ५००-६०० मिलिलिटरची बाटली ठेवा आणि ७५०ची खालच्या तिरक्या नळीवर. तरीही अडत असेल तर लांबट खाचांची पट्टी मिळते, तिच्यावर केज दोन-तीन सेंटिमीटर खाली सरकवता येते.

शंका : वडिलांची जुनी स्टीलची सायकल आहे. केजसाठी छिद्रेच नाहीत. ड्रिल मारून घेऊ का?
एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून मारू नका. चांगल्या हलक्या स्टीलच्या नळ्या टोकांना जाड आणि मधे बारीक असतात. मधली जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासही असू शकते, आणि तिथेच छिद्र पडले की तडा जायला जागा मिळते. जाड नळीच्या साध्या सायकलीतही छिद्रातून पावसाचे पाणी आत शिरून गंज धरतो. पट्ट्याने आवळायचे केज-क्लॅम्प मिळतात, ते वापरा. पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, म्हणजे रंग वाचतो आणि पट्टा घसरत नाही. ब्रेकची किंवा गिअरची केबल पट्ट्याखाली दाबली जाऊ देऊ नका.

शंका : गतिरोधकावर आणि रस्त्यावरच्या रम्बलरवर बाटली उडून पडते.
एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी बाटली तपासा. सायकलच्या बाटलीचा व्यास सुमारे ७३-७४ मिलिमीटर असतो आणि मानेला खाच असते. विकतच्या पाण्याची किंवा शाळेची बाटली त्या मापाची नसते. स्टीलची बाटली तर खडखडते आणि केज घासून काळी करते. बाटली योग्य असेल तर ॲल्युमिनियमच्या तारेची केज हाताने किंचित आत दाबता येते. प्लास्टिकची किंवा कार्बनची दाबू नका, तुटेल. तिची पकड ढिली झाली असेल तर बदलाच. मागे ट्रक असताना चाकाखाली आलेली बाटली जिवावर बेतू शकते. नवी केज आणाल तेव्हा बाटली भरून घाला, सायकल वीतभर उचलून आपटा आणि बाटली जागची हलते का ते पाहा.