क्लिप लावल्यावर तपासणार कशाने, ते आधी विचारा

मेंदूतल्या धमनीवरच्या फुग्याला, म्हणजे एन्युरिझमला, क्लिप लावायची आहे आणि नेव्हिगेशन, म्हणजे ऑपरेशनमध्ये हत्याराची जागा स्कॅनवर दाखवणारं यंत्र, असलेलंच हॉस्पिटल गाठावं का, असं तुम्ही विचारलंय. त्यासाठी गाव बदलू नका.

जाहिरातीतला 'मेंदूचा जीपीएस' मला कधीच पटला नाही. जीपीएसमधले रस्ते गाडी चालू असताना सरकत नाहीत. इथे सरकतात. पॉइंटरची, म्हणजे सर्जनच्या हातातल्या दाखवायच्या काडीची, जागा दिसते ती आधी काढलेल्या सीटी अँजिओवर, म्हणजे धमन्यांच्या स्कॅनवर. डोकं तीन पिनांच्या क्लॅम्पमध्ये घट्ट असतं, त्यामुळे कवटी कुठे उघडायची ते नीट कळतं. पण मेंदूभोवतीचं पाणी काढलं की मेंदू काही मिलिमीटर खाली बसतो आणि चित्र जुनंच राहतं. रेफरन्स स्टारला, म्हणजे यंत्राला डोक्याची जागा सांगणाऱ्या खुणेला, कोणाचा धक्का लागला तर तेही गेलं. आणि मिडल सेरेब्रल या मोठ्या धमनीच्या फाट्यावरचा फुगा तर सिल्व्हियन फिशर, म्हणजे मेंदूच्या बाजूची खोल घडी, उघडून धमनी धरत गेलं की सापडतोच.

खरी गोची क्लिप लावल्यावर. तिथे आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) डाय, म्हणजे इन्फ्रारेडखाली चमकून रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारा रंग. २५ मिलिग्रॅमची बाटली सोबतच्या पाण्यातच विरघळवायची, सलाइनमध्ये नाही. शिरेतून झटकन देऊन मागून सलाइन ढकलायचं. मायक्रोस्कोप इन्फ्रारेडवर. आधी धमन्या पांढऱ्या उजळतात, मग शिरा. फुगा काळाच राहिला पाहिजे. हळूहळू राखाडी होऊ लागला तर क्लिपची पाती फुग्याच्या मानेच्या (धमनीला जोडलेल्या अरुंद भागाच्या) पलीकडे पोचलेली नाहीत. धमनीची फांदी उशिरा उजळली तर ती चिमटली आहे. क्लिप लगेच हलवायची. या वेळी पल्स ऑक्सिमीटरचा आकडा क्षणभर खोटाच घसरतो, घाबरायचं नाही. दुसरा डोस दहा-पंधरा मिनिटं थांबून, नाहीतर जुनीच चमक फसवते.

पण आयसीजीला समोरचं तेवढंच दिसतं. क्लिपखाली दडलेली बारीक फांदी, रक्ताची गुठळी, कॅल्शियम साचलेली भिंत, सगळं अंधारात. म्हणून जोडीला मायक्रो-डॉपलर (धमनीतला प्रवाह ऐकणारं बारीक अल्ट्रासाउंड) आणि हातापायांचे एमईपी (मेंदूकडून स्नायूंकडे संदेश पोचतोय का ते तपासणारी चाचणी) हवेत, आणि शंका उरली तर टेबलावरच डीएसए, म्हणजे डाय सोडून काढलेला धमन्यांचा एक्स-रे.

हां, फुगा लांबच्या फांदीवर असेल, उदाहरणार्थ मेंदूच्या मधल्या भागातल्या पेरिकॅलोसल धमनीवर, किंवा एव्हीएम (धमन्या-शिरांचा जन्मजात गुंता) असेल, तर नेव्हिगेशन खरंच कामाला येतं. फुगा फुटलेला असेल तर मात्र यंत्रांची तुलना करत बसू नका. आयोडीनची ॲलर्जी असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. आयसीजीच्या पावडरीत सोडियम आयोडाइड असतं.