जुनी पीएसपी सापडलीय? आधी मेमरी स्टिक सांभाळा

गेल्या अंकात जुन्या हातातल्या गेम-यंत्रांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. आलेली बहुतेक पत्रं सोनीच्या पीएसपीची निघाली, म्हणून हा महिना तिलाच दिला. डिसेंबर २००४ मध्ये ती जपानात आली, पुढच्या वर्षी अमेरिका-युरोपात. २०१४ मध्ये तिचा पुरवठा थांबला. पण माझ्या टेबलावर दुरुस्तीला आजही सगळ्यात जास्त येते ती हीच, आणि मला हातात घ्यायला आवडते तीही हीच.

ताई, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर थोरल्या दादाची पीएसपी सापडली. मागचं झाकण वर आलंय आणि ती चालूच होत नाही. दादा आता कॅनडात असतो. तो पुढच्या महिन्यात येतोय. त्याचा गेम जिथे सोडला होता तिथूनच सुरू करून द्यायचा आहे. जमेल का? (सातारा)

जमण्याची शक्यता चांगली आहे, पण क्रम चुकवू नका. झाकण वर आलंय म्हणजे बॅटरी फुगली आहे. चार्जर अजिबात लावू नका. झाकण सरकवून बॅटरी हलक्या हाताने काढा. अडकली असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

आता खरी ठेव. डाव्या कडेला एक छोटं झाकण आहे, त्यात मेमरी स्टिक असते. दादाने खेळलेलं सगळं तिच्यात आहे. गेमच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. स्टिक किंचित आत दाबली की सुटते. ती वाचणारा कार्ड रीडर आता सहज मिळत नाही, पण त्याची गरजही नाही. पीएसपी बॅटरीशिवाय नुसत्या ॲडॉप्टरवर चालते. स्टिक परत बसवा, ॲडॉप्टर लावा, यंत्र सुरू करा आणि वरच्या मिनी यूएसबी सॉकेटमधून केबलने कॉम्प्युटरला जोडा. सेटिंग्जच्या रांगेत ‘यूएसबी कनेक्शन’ निवडलं की स्टिक पेन ड्राइव्हसारखी दिसू लागेल. तिच्यात ‘पीएसपी’ नावाचं फोल्डर, त्याच्या आत ‘सेव्हडेटा’. चार अक्षरं आणि पाच आकडे यांनी सुरू होणाऱ्या नावांची फोल्डरं दिसली, तर तेच दादाचे गेम. सबंध ‘सेव्हडेटा’ कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पुढे यंत्र दगा देईल, स्टिक मरेल, तरी हे राहील. बहुतेक गेमचा हा डेटा दुसऱ्या पीएसपीवरही चालतो.

एवढं झालं की मग नवीन बॅटरी. मागच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो. १००० मालिकेची बॅटरी जाड, १८०० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). २००० आणि ३००० ची बारीक, १२०० ची. जाड बॅटरी बारीक यंत्रात चालते, पण झाकण लागत नाही. विकत घेताना नंबर दाखवूनच घ्या आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त एमएएच छापलेल्या बॅटरीवर विश्वास ठेवू नका, तेवढ्या डबीत तेवढी वीज मावत नाही.

बॅटरी काढली की घड्याळ मागे जातं, म्हणून तारीख पुन्हा लावा. मग ‘गेम’च्या रांगेत ‘सेव्ह्ड डेटा युटिलिटी’ उघडा. प्रत्येक गेमचं चित्र, शेवटी खेळल्याची तारीख आणि कुठवर पोचला ते तिथे दिसतं. दादा आला की आधी हेच पान दाखवा. आणि गेमची डिस्क माळ्यावर नीट शोधा. ६० मिलिमीटरची, प्लॅस्टिकच्या कवचातली असते, ती नसेल तर सेव्ह असून गेम सुरू होणार नाही. कवचाची पारदर्शक खिडकी सुटलेली असेल तर डिस्क आत घालू नका, आधी चिकटवा.

मोबाइलच्या चार्जरने पीएसपी चार्ज होते का? (नाशिक)

२००० आणि ३००० असेल तर केबलने होते, सिस्टम सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी चार्ज’ सुरू करावं लागतं आणि वेळ भरपूर लागतो. १००० असेल तर नाही. त्यापेक्षा ५ व्होल्टचा ॲडॉप्टर घ्या. पिन बाहेरून ४ मिलिमीटर, आतून १.७, मधला भाग पॉझिटिव्ह. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला या मापाची पिन मागा आणि व्होल्टेज छापील बघून घ्या. ९ किंवा १२ व्होल्टचा लावलात तर यंत्र जाऊ शकतं.

माझा मुलगा ओसाकाला नोकरीला आहे. त्याने तिथून वापरलेली पीएसपी ३००० आणली. फुली दाबली की पुढे जाण्याऐवजी मागे येते. बटनं बिघडली आहेत का? आणि इथले गेम तिच्यात चालतील का? (डोंबिवली)

बटनं ठणठणीत आहेत. जपानी यंत्रात गोल म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नको’. इतर देशांच्या यंत्रांत उलट. सोनीने हे जाणून-बुजून ठेवलंय. आठवड्यात बोटांना सवय होते. मेनूची भाषा सेटिंग्जमधून इंग्रजी करता येते, मात्र मराठी-हिंदी त्या यादीत नाही. गेमच्या आतली भाषा ज्याच्या-त्याच्या डिस्कवर ठरते.

गेमच्या डिस्कना देशाचं कुलूप नाही, त्यामुळे कुठलीही आणा. सिनेमांच्या डिस्कना मात्र आहे. तुम्ही सिनेमासाठी घेतली असेल तर फसगत होईल, गेमसाठी घेतली असेल तर चांगली घेतलीत. ३००० चा पडदा आधीच्या दोन्हींपेक्षा रंगाला भरदार आहे, उन्हातही कमी चमकतो. वेगाने हलणाऱ्या चित्रात बारीक आडव्या रेघा दिसतात हे खरं, ती त्या पडद्याची जातच आहे.

ताई, मी सहावीत आहे. माझी पीएसपी कधी कधी अचानक अडकते. पडदा दिसतो पण एकही बटन चालत नाही. मग मी बॅटरी काढून पुन्हा घालतो. (सांगली)

बाळा, बॅटरी काढू नकोस, गेम सेव्ह होत असताना निघाली तर सेव्ह बिघडेल. उजव्या कडेचं पॉवरचं बटन बघ. ते वर सरकवलं की यंत्र झोपतं, आणि वर धरून ठेवलं की पूर्ण बंद होतं. खाली सरकवलं तर ‘होल्ड’ लागतो, म्हणजे बटनं कुलूपबंद. खेळताना तुझ्या तळहाताने ते खाली जात असणार. मधोमध आण, सगळं चालेल. तरीही अडकली तर मला पुन्हा लिही, कुठला गेम चालू होता तेही लिही.

घरचं वाय-फाय पीएसपीला जोडता येत नाही. पासवर्ड बरोबर आहे. गेम उतरवायचे होते. (कोल्हापूर)

तुमचा पासवर्ड बरोबरच असेल. ही २००४ ची यंत्रणा आहे. तिला वाय-फायची जुनी ‘८०२.११बी’ पद्धतच समजते, तीही २.४ गिगाहर्ट्‌झवर, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए या जुन्या पद्धतीपर्यंतच. आजचे राउटर डब्ल्यूपीए-२ किंवा ३ वर असतात. एका गेमसाठी घरच्या राउटरची सुरक्षा खाली उतरवू नका, त्याच राउटरवरून तुमचे बँकेचे व्यवहार होतात.

जोडलंत तरी हाती फार लागणार नाही. पीएसपीवरून सोनीच्या ऑनलाइन दुकानात खरेदी करणं जुलै २०२१ मध्ये बंद झालं. आधी विकत घेतलेले गेम असतील आणि पीएस-थ्री (सोनीचं टीव्हीला जोडायचं गेम-यंत्र) जवळ असेल, तर त्यावर उतरवून केबलने आणता येतात. ब्राउझर आहे, पण आजच्या बहुतेक वेबसाइट त्यात उघडत नाहीत.

मला या वाय-फायचं खरं मोल वेगळीकडे वाटतं. ‘ॲड-हॉक’ पद्धतीत दोन पीएसपी राउटरशिवाय थेट एकमेकींशी बोलतात. काही गेममध्ये तर एकच डिस्क पुरते, दुसऱ्या यंत्राला तो गेम तात्पुरता पाठवता येतो. जपानात ‘मॉन्स्टर हंटर’ खेळायला मुलं अशीच एकत्र जमायची. तुमच्याकडे कुणा मित्राची पीएसपी पडून असेल तर ती मागवा. कडेचा वाय-फायचा खटका तेवढा चालू ठेवा, १००० मध्ये तो डाव्या बाजूला आहे, पुढच्या दोन्हींत वरच्या कडेला.

मुलगी आठ वर्षांची आहे. मोबाइलवरच्या जाहिराती आणि ‘पैसे भरा’ असल्या गेमपासून तिला लांब ठेवायचंय. पीएसपीवर तिच्यासाठी काय आहे? (ठाणे)

हा प्रश्न आला म्हणून मला फार बरं वाटलं. या जुन्या यंत्रात डिस्क घातली की सबंध गेम तुमचा, मध्येच कुणी काही विकायला येत नाही.

सुरुवात ‘लोकोरोको’ने करा, २००६ चा. त्यात पात्र चालवायचंच नसतं, जमीन कलती करायची. डावं खांद्याचं बटन दाबलं की जग डावीकडे कलतं, उजवं दाबलं की उजवीकडे, दोन्ही एकत्र दाबून सोडली की तो गोल प्राणी उडी मारतो. दोन बटनांत आठ वर्षांचं मूल रमतं, आणि प्राणी गातही असतात.

थोडी सरावली की ‘पाटापोन’. चार बटनं म्हणजे चार ढोल: चौकोन ‘पाटा’, गोल ‘पोन’, फुली ‘डॉन’, त्रिकोण ‘चाका’. पाटा-पाटा-पाटा-पोन वाजवलं की चिमुकली फौज पुढे चालते. पोन-पोन-पाटा-पोन वाजवलं की हल्ला करते. लय सुटली की सगळी गोंधळून थांबतात. ढोलपथकात ठेका चुकला की रांग विस्कटते, तसंच. आवाज बंद करून खेळू देऊ नका, मजाच जाईल. लढाई आहे, पण काळ्या सावल्यांसारख्या चित्रांची.

तुम्हाला स्वतःला हवा असेल तर ‘लुमिनेस’ घ्या. रंगीत ठोकळे पडतात आणि गाण्याच्या तालावर सरकणारी रेघ ते पुसून नेते. हेडफोन लावून खेळा.

‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘जीटीए’ या मोठ्यांच्या, मारधाडीच्या गेमच्या डिस्क मात्र कपाटात कुलपात ठेवा. सिक्युरिटी सेटिंग्जमध्ये वयाची मर्यादा घालता येते. चार आकडी पासवर्ड आधीपासून ०००० असतो, तो बदला, नाहीतर मुलगी तुमच्या आधी बदलेल.

एका दुकानात ‘दोनशे गेम भरून’ मेमरी स्टिक देतो म्हणतात. घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)

घेऊ नका. ते गेम चोरीचे आहेत, आणि ज्यांनी ते घडवले त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. शिवाय अशा स्टिकवर छापलेली क्षमता बऱ्याचदा खोटी निघते. खऱ्या जागेपलीकडचं लिखाण उडतं, आणि त्यात तुमचे सेव्हही जातात. वापरलेल्या खऱ्या डिस्क जुन्या सामानाच्या बाजारात अजून मिळतात, दोन-तीन चांगल्या घ्या.

जागा वाढवायचीच असेल तर मोबाइलचं मायक्रो-एसडी कार्ड बसवायचा, मेमरी स्टिकच्याच आकाराचा ‘प्रो ड्युओ’ अडॅप्टर येतो. त्यात नावाजलेल्या कंपनीचं कार्ड घाला. कॉम्प्युटरवर फॉरमॅट करू नका, पीएसपीच्या सिस्टम सेटिंग्जमधूनच करा, म्हणजे लागणारी फोल्डरं ती स्वतः तयार करते. मग जुन्या स्टिकवरचं ‘सेव्हडेटा’ कॉम्प्युटरवरून त्यात आणा, दोन गेम उघडून सेव्ह येताहेत का ते बघा, आणि तोवर जुनी स्टिक पुसू नका.